.३०३ च्या पुंगळ्या चौथ्या बारालाच तुटतात, नव्या शंभर पुंगळ्यांचं फायर फॉर्मिंग कसं करू?

नमस्कार. मी मूळची डिचोलीची. गेली नऊ वर्षं नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला डेअरी फार्मवर आहे आणि चवथीसाठी महिनाभर घरी आले आहे. रायफल, परवाना, रीलोडिंगचं सगळं सामान तिकडेच आहे. तिथे परवानाधारकाला स्वतःची काडतुसं स्वतः भरता येतात. इथे माझ्याकडे फक्त वही आणि मोबाइलमधले फोटो आहेत. चुकून एखादी रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) सामानात येऊ नये म्हणून निघताना जॅकेटचे खिसे दोनदा उलटे करून पाहिले होते. परत गेल्यावर पहिलं काम फायर फॉर्मिंगचंच करायचं आहे, म्हणजे नवी पुंगळी पहिल्या बारात फुलवून आपल्या बंदुकीच्या मापाची करायची आहे, म्हणून आत्ताच विचारून ठेवते.

रायफल ली-एनफील्ड नंबर ४. जूनमध्ये रेंजवर होते. बार नेहमीसारखाच झाला, खांद्याला वेगळं काही जाणवलं नाही. बोल्ट मागे ओढला तर बाहेर आलं नुसतं बूड: रिम (बुडाची बाहेर आलेली कड), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि त्याच्यावर नखाएवढ्या रुंदीची पितळेची कडी. उरलेली पुंगळी आत चेंबरमध्येच, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी. कड इतकी सरळ होती की पाइपकटर फिरवल्यासारखी वाटावी. डोळ्यांवर चष्मा होता, इजा काही झाली नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते. रेंजवरच्या एका वयस्कर माणसाने त्याच्याकडच्या एक्स्ट्रॅक्टरने तुटलेला भाग काढून दिला.

त्या वीस पुंगळ्यांची ही चौथी भरणी होती. घरी येऊन दोन पुंगळ्या हॅक्सॉने उभ्या कापल्या. बुडापासून साधारण १० मिमी वर, आतल्या बाजूने गोल फिरलेली खाच. तिथे पितळ कागदासारखं पातळ झालेलं. बाहेरून पाहिलं तर त्याच जागी एक फिकट चकचकीत रेघ. ती रेघ मी आधीही पाहिली होती आणि डायचा (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याचा) ओरखडा असेल म्हणून सोडून दिली होती. उरलेल्या सगळ्या पुंगळ्या भंगारात टाकल्या.

मोजमापं सांगते. बंदूक गनस्मिथला दाखवली, बोल्टपुढे रिमला किती जागा मिळते ते त्याने गेजने तपासलं. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटतो, ०.०६७ वरही मिटतो, ०.०७४ वर मिटत नाही. म्हणजे लष्करी मापात ती पास आहे. माझ्या पुंगळ्यांची रिम व्हर्नियरने ०.०५८ इंच भरते. रिमच्या मागे मोकळी जागा राहतेच. साइझिंगला (उडालेली पुंगळी परत मापात आणायला) फुल लेंथ डाय, म्हणजे अख्खी पुंगळी दाबणारी, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली घेतलेली.

आता नव्या, एकदाही न उडवलेल्या शंभर पुंगळ्या घेतल्या आहेत. माझ्या पगाराच्या मानाने त्या स्वस्त नाहीत. पहिल्या बारालाच पुंगळी ताणली गेली तर नंतर काही करून उपयोग नाही, एवढं वाचून कळलं आहे. पण तो पहिला बार नेमका कसा घ्यायचा यावर प्रत्येकाचं वेगळं. कुणी रबरी रिंग म्हणतो, कुणी ग्रीस, कुणी मानेवर खोटा खांदा. दारू कमी घालायची की नेहमीएवढी? आणि त्यानंतर फक्त नेक साइझिंग (नुसती मान दाबणं) केलं तर चालेल का?

आणखी एक. माझा मामा कासार, समया-पितळी भांडी घडवण्यात त्याचं आयुष्य गेलं. काल चवथीची भांडी घासताना त्याला कापलेल्या पुंगळीचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून खूप वेळ पाहिला आणि म्हणाला, "हें ताणून ताणून मेलां. ठोकलेलं पितळ मधी मधी तापवूंक जाय, ना जाल्यार फुटतां." मग म्हणाला, पूर्ण लाल करून पाण्यात टाक, मऊ पडेल. त्याचं ज्ञान मला खरं वाटतं, पण पुंगळी तशी अख्खी तापवावी का, याची भीती वाटते.

ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना टर्नर:
ताई, बंदूक बिघडलेली नाही आणि पितळही हलकं नाही. मी ऑस्ट्रेलियात बावीस वर्षं .३०३ भरतोय, माझ्याही पहिल्या पुंगळ्या अशाच गेल्या.

.३०३ चं काडतूस रिमवर टेकतं, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही. चिखल-मातीतही काडतूस आत जावं म्हणून लष्करी चेंबर पुढच्या बाजूला सैल ठेवलेली असते. लष्कराला पुंगळी पुन्हा वापरायचीच नव्हती, एकदा उडाली आणि बाहेर पडली की काम झालं. आता तुमचे आकडे बघा. गेज ०.०६७ आणि ०.०७४ च्या मध्ये, रिम ०.०५८. म्हणजे निदान ०.००९ इंच फट. फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते. दाब चढला की पुंगळीचं पुढचं पातळ अंग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. बूड जाड, ते चिकटत नाही, ते मागे सरकून बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणतं, आणि ते ताणतं बरोबर त्या १० मिमीच्या जागी. बार झाल्यावर खांदा पुढे जाऊन तुमच्या चेंबरच्या मापाचा झालेला असतो. तुम्ही फुल लेंथ डायने तो परत मागे ढकलता, आणि पुढच्या बाराला ताणणं पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा केलंत, चौथ्याला तुटलं.

माझी पद्धत रबरी रिंगची. नळाच्या वायसरीपेक्षा बारीक, पुंगळीच्या बुडावर रिमला लागून घट्ट बसेल अशी ओ-रिंग घ्यायची. बोल्ट मिटताना ती रिम आणि बॅरलच्या तोंडामध्ये दाबली जाते आणि पुंगळीला मागे, बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवते. हाताला किंचित विरोध जाणवला पाहिजे. जोर लावावा लागला तर रिंग जाड आहे, बदला. काडतुसं मॅगझिनमधून न घेता एकेक हाताने घालायची. पुंगळी चेंबरच्या मधोमध बसते हा दुसरा फायदा.

दारू मॅन्युअलमधल्या त्याच गोळीच्या किमान आणि कमालच्या मधली. किमानच्या खाली अजिबात जाऊ नका. लोकांना वाटतं कमी दाब म्हणजे कमी ताण, पण दाब अपुरा पडला तर पुंगळी नीट फुलत नाही आणि प्रायमर मागे निघालेला दिसतो.

त्यानंतर फक्त नेक साइझिंग. काही भरण्यांनंतर बोल्ट जड मिटायला लागेल. तेव्हा फुल लेंथ डाय वापरा, पण शेल होल्डरपासून वर उचलून, खांदा ०.००१-०.००२ इंच मागे जाईल एवढीच. आणि या पुंगळ्या आता त्या एका रायफलच्या. दुसऱ्या .३०३ मध्ये घालू नका.

रानवाट:
रिंगपेक्षा खोटा खांदा मला जास्त भरवशाचा वाटतो. मान आधी मोठ्या एक्स्पांडरने फुगवायची, मग नेक डायने थोडी थोडी खाली आणायची, बोल्ट जेमतेम मिटेपर्यंत. मानेच्या मुळाशी जी पायरी उरते तीच चेंबरला टेकते. रबर काही दिवसांनी सैल पडतं, पायरी हलत नाही. घाई असेल तर मी पुंगळीला हलका ग्रीसचा हात लावतो, तरीही चालतं.

जुना टर्नर:
खोट्या खांद्याशी सहमत, फक्त मानेवर काम जास्त होतं आणि नवशिक्याच्या हातून माना चिरतात. ग्रीसला मात्र माझा स्पष्ट विरोध. पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ली-एनफील्डच्या बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) मागच्या टोकाला आहेत, पुढे नाहीत. त्यामुळे बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) दाबाखाली थोडे लवतात. त्यांना जादा ओझं का द्यायचं?

ताई, नंबर ४ ची बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं सुटं तोंड) ० ते ३ अशा चढत्या मापात येतात. मोठं बसवून फट कमी करता येते, पण ते गनस्मिथकडून, गेज लावून. तुमची बंदूक मापात आहे, मी आधी रिंगच करून पाहीन.

मामांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते भांड्यासाठी. पुंगळीची फक्त मान तापवायची. बूड मऊ पडलं तर ते दाब सोसणार नाही आणि गॅस थेट तुमच्या तोंडावर येईल. पुंगळ्या बुडाकडून अर्ध्या पाण्यात उभ्या करून मान तापवतात ते याचसाठी. शिवाय तुमची पुंगळी मानेशी नाही, बुडाशी तुटली. त्यावर तापवणं हा इलाजच नाही.

कागलकर:
मी .२२ वाला, रिमफायर (प्रायमर रिममध्येच असलेली पुंगळी) पुन्हा भरता येत नाही म्हणून या वाटेला कधी गेलो नाही. पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगणं गरजेचं आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. .३०३ सुद्धा आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यासाठीच इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल निघाली. ताईंनी सुरुवातीलाच सगळं तिकडचं आहे असं लिहिलं हे बरं झालं.

पितळाबद्दल एक ऐकलेलं नाही, वाचलेलं सांगतो. इंग्रजांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप चिरायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ मध्ये शोधनिबंधातून पुढे आलं. तेव्हा अमोनिया असलेलं क्लीनर पुंगळ्यांना लावू नका.

डिचोलीची (धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. टर्नरकाका, "चौथ्याला तुटलं" हे वाचल्यावर मी वहीत मागे जाऊन पाहिलं. चारही वेळा फुल लेंथ, चारही वेळा डाय शेवटपर्यंत खाली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

ग्रीस करणार नाही. अमोनियाचा प्रश्न नाही, आई समया चिंचेनं घासते तसंच मी पुंगळ्यांना सायट्रिक ॲसिड वापरते. मामाला मान आणि बुडातला फरक सांगितला. त्याला तो लगेच पटला. म्हणाला, घागरीचं बूडही तो शेवटी ठोकून कडक करतो.

ठरवलं आहे ते असं: आधी शंभरातल्या दहाच, रिंग लावून, मधल्या चार्जवर. प्रत्येक बारानंतर टोक वाकवलेली तार आतून बुडाकडून वर ओढून बघायची, कुठे अडते का. दहापैकी एकातही खाच लागली नाही तर पुढच्या नव्वद.

एक शंका उरली. ली-एनफील्डची चेंबर पूर्ण गोल नसते, म्हणून रिमवर मार्करने खूण करून दर वेळी पुंगळी खूण वर ठेवूनच घालावी, असं रेंजवर ऐकलं होतं. नेक साइझिंग करताना त्याने फरक पडतो का?

जुना टर्नर:
पडतो. नेक साइझ केलेली पुंगळी चेंबरच्या वाकड्या अंगालाही फुललेली असते, फिरवून घातली की बोल्ट जड मिटतो. खूण करा, मार्करनेच, कानशीने नको. दहा झाल्या की तारेचं काय झालं ते इथे लिहा.