‘स्वस्त रेड डॉट म्हणजे खेळणं’, म्हणे!

चापावर_बोट

कालच्या धाग्यात एका नवख्याने साधा प्रश्न विचारला होता. पहिली .२२ रायफल, कागद आणि पोलादी पाट्या एवढाच उद्योग, तर परवडणारा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) कोणता घ्यावा? त्याला मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देतो: ‘एमपॉइंट परवडत असेल तर घे, नाहीतर माशी-खाचेवर राहा. मधलं सगळं खेळणं.’ म्हणजे एकतर महागड्या कंपनीचा डॉट, नाहीतर नळीवरची लोखंडी माशी आणि मागची खाच. त्यावर टाळ्यांचा पाऊस. पोरगा बिचारा पुन्हा फिरकला नाही.

अहो, रेड डॉटमध्ये असतं काय? एक एलईडी, एक वक्र काच आणि त्या काचेवर लाल प्रकाश तेवढा परतवणारा लेप. परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, म्हणून ठिपका लांब लक्ष्यावर टेकल्यासारखा दिसतो. काचेवर उजेडाची खूण पाडायची ही युक्ती हॉवर्ड ग्रबने १९०० साली मांडली. एमपॉइंटने १९७५ मध्ये त्यात एलईडी बसवून बाजारात आणली. इतक्या जुन्या गोष्टीवर एका कंपनीचीच मक्तेदारी राहील असं कोणाला वाटत असेल तर धन्य आहे. सिग रोमिओ ५ घ्या, होलोसन ४०३ घ्या. २ एमओएचा ठिपका, नाण्याएवढा सीआर२०३२ सेल, पाण्यापासून संरक्षण. .२२ ला धक्का असतो तरी केवढा?

बघायचं ते वेगळंच. एक म्हणजे ठिपक्याचा आकार. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंमी. २ चा ठिपका तिथे सहाएक सेंमी झाकतो, ६ चा सतरा. लहान पाट्यांवर ६ चा ठिपका लावून ‘नेम लागत नाही’ म्हणून रडणारे इथेच पाहिलेत. दुसरं, उजेड किती कमी करता येतो. सगळे जण दुकानात सर्वांत वरचं बटण दाबून ‘वा!’ म्हणतात. खरी परीक्षा खालच्या टोकाला असते. अंधाऱ्या रेंजवर सर्वांत मंद पायरीलाही ठिपका फुलून पाटी खाऊन टाकत असेल तर तो डॉट परत करा. तिसरं, चौकोन करून बघा. पाच गोळ्या मारा, मग डॉटचा नेम सरकवायच्या स्क्रूचे वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि पुन्हा पाच. गोळ्यांच्या छिद्रांचे दोन्ही झुबके एकमेकांवर बसले तर नाव काहीही असो, वापरा.

जुनी_माशी

ते उत्तर माझं होतं आणि मी ते मागे घेत नाही.

तुम्ही म्हणता तो चौकोन नवखा करूच शकत नाही. ज्याच्या पाच गोळ्यांचा झुबका बशीएवढा, त्याला झिरो (नेमाची जुळणी) सरकलाय की आपला चाप ओढण्यात दोष आहे, कळणार कसं? म्हणूनच त्याच्या हातात निःसंशय वस्तू हवी. एकतर उत्तम डॉट, नाहीतर लोखंड. मी शिकवतो तिथे एका मुलाने असलाच स्वस्तातला डॉट आणला होता. ठिपका दिसायचा, नाहीसा व्हायचा, टपली मारली की परत यायचा. तीन रविवार तो पोरगा स्वतःच्या श्वासाला दोष देत होता. झाकण उघडलं तर सेलखालची पत्रा-पट्टी सैल.

आणि एकदा सांगूनच टाकतो. हल्ली कोणालाही माशी खाचेत बसवता येत नाही. गाल दस्त्यावर रोज वेगळ्या जागी टेकतो, तरी डॉट लावला की साहेब तयार. ऑलिंपिकच्या रायफलीवर डॉट का चालत नाही याचा विचार करा जरा.

चापावर_बोट

काका, ऑलिंपिकच्या रायफलीवर तुमची माशी-खाच तरी कुठे असते? मागे छिद्राचा डायऑप्टर, पुढे गोल कडं. खाच कुठे दिसली तुम्हाला? उलट आयपीएससीच्या, म्हणजे धावत-पळत लक्ष्यं टिपायच्या, रायफल स्पर्धांत ओपन विभागात डॉट खुशाल चालतो. ज्याला पाट्या पाडायच्यात त्याला तुम्ही ऑलिंपिक दाखवताय.

टॉर्कपाना

दोघेही माउंटबद्दल, म्हणजे डॉट रायफलीवर बसवायच्या बुडाबद्दल, चकार शब्द काढत नाहीत म्हणून तोंड घालतो. ‘झिरो सरकला’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रायफलींत डॉट बिघडलेला क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा बुड हललेलं असतं. परवाच एक आली. मी पहिल्यांदा स्क्रू पाहतो. त्यावर कोणीतरी आधी रंगाची बारीक रेघ मारली होती, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी माउंटवर. आता ती दोन तुकड्यांत, मध्ये सरळ फट. म्हणजे स्क्रू फिरलाय. डॉट निर्दोष.

आणि पिकॅटिनी आणि वीव्हर, म्हणजे माउंट बसवायच्या खाचांच्या दोन तऱ्हेच्या पट्ट्या, एकच समजू नका. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद आणि दर १०.०१ मिमीवर ठरलेली. वीव्हरची अरुंद, अंतराचा काही नेम नाही. पिकॅटिनीचा आडवा दांडा वीव्हरमध्ये बसत नाही, मग लोक वरच्यावर आवळतात आणि चार दिवसांनी धागा काढतात, ‘स्वस्त डॉट झिरो धरत नाही’. शिवाय आवळण्याआधी माउंट पुढे नळीकडे ढकलून दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. मग धक्क्याने सरकायला जागाच उरत नाही.

सिलिंडर_पावणेदोन

मुख्य मुद्द्याला अजून कोणी हातच घातलेला नाही. ठिपका गोल दिसतो कोणाला?

माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नाही. मला कुठलाही रेड डॉट स्वल्पविराम दिसतो, कधी द्राक्षांचा घड. महागडा घ्या, स्वस्त घ्या, दिसायचं तेच दिसतं. आणि एक तारा देऊन ‘ठिपका फाटलेला आहे, फालतू माल’ लिहिणारे जे लोक आहेत ना, त्यांतल्या निम्म्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. त्यांच्या शिव्या वाचून बाकीचे दुप्पट पैसे मोजतात आणि तिथेही स्वल्पविरामच!

कसं ओळखायचं: डॉट हातात धरून हळूहळू नव्वद अंश फिरवा. ठिपक्याची शेपटी डॉटबरोबर फिरली तर दोष डॉटचा. शेपटी जागच्या जागी राहिली तर दोष तुमच्या डोळ्याचा.

मंद_ठिपका

एवढं करायची गरज नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की कळतं. मी तसंच ठरवलं होतं.

सिलिंडर_पावणेदोन

ताई, मोबाईल अंधारात उजेड वाढवून ठिपका स्वतःच फुगवतो. चांगला डॉटही त्यात धुमकेतू दिसतो. मग तो फोटो इथे टाकून ‘हे बघा, खराब’! असले फोटो पाहून पाहून डोळे पिकलेत.

मंद_ठिपका

मी फोटो टाकलाच नव्हता, उगाच माझ्यावर घसरू नका. एक्सपोजर खाली ओढलं की नीट दिसतं. आणि चष्म्याचं काय ते सांगा ना. माझा नंबर चष्म्याने पूर्ण भरून निघतो, रस्त्यावरचे दिवे गोल दिसतात, पण रायफल खांद्याला लावली की ठिपका परत वाकडा. याचं उत्तर कुठल्याही ‘तज्ज्ञा’ने अजून दिलेलं नाही.

सिलिंडर_पावणेदोन

याचं उत्तर तुमच्या मानेत आहे. गाल दस्त्यावर टेकला की मान पुढे झुकते आणि तुम्ही काचेच्या मध्यातून नाही, वरच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता. नंबर तिथे वेगळाच लागतो. डॉट थोडा उंच बसवा म्हणजे डोकं सरळ राहील, किंवा चष्मा नाकावर जरा वर चढवा. टोरिक (सिलिंडरच्या नंबरची) कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, म्हणून ती उत्तम. आणि हे सगळं नको असेल तर डॉटऐवजी प्रिझमची छोटी दुर्बीण घ्या. त्यातली खूण काचेवर कोरलेली असते, सेल मेला तरी काळी दिसते, आणि मागचं कडं फिरवून आपल्या डोळ्याला जुळवता येते.

जुनी_माशी

हेच तर म्हणतोय! चष्मा चढवा, लेन्स घाला, प्रिझम घ्या, मान उचला... माशी कधी स्वल्पविराम होत नाही.

सिलिंडर_पावणेदोन

काका, साठीनंतर माशी मुळात दिसते का हो? खाच डोळ्याजवळ, माशी हातभर लांब, लक्ष्य पन्नास मीटरवर. डोळ्याने तीन ठिकाणी धावायचं. डॉटला फक्त लक्ष्याकडे बघायचं, ठिपका आपोआप तिथेच.

जुनी_माशी

माझ्या वयावर जाऊ नका. मागे बारीक छिद्राचा पीप लावला की माशी आणि लक्ष्य दोन्ही स्वच्छ दिसतात. तुमचा स्वल्पविरामसुद्धा त्या छिद्रातून सरळ होईल, करून बघा. लोखंडाने तुमचा डॉट दुरुस्त होतोय, लिहून ठेवा.

सिलिंडर_पावणेदोन

हे खरं आहे. दुखतंय, पण खरं आहे.

स्प्रिंगवाला

.२२ वाले खुशाल भांडा. आमच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीवर तुमचे सगळे हिशेब कोसळतात. बंदुकीचा धक्का मागे येतो. स्प्रिंगवालीत आधी मागे आणि मग पिस्टन पुढे आपटला की उलट पुढे. बऱ्याच दुर्बिणी आणि डॉट एकाच दिशेचा मार खायला बनवलेले असतात. ‘अमुक मोठ्या बोअरचा धक्का सोसतो’ हे खोक्यावर वाचून मी एक घेतला होता, छऱ्यांचा डबा संपायच्या आत त्याची आतली काच खुळखुळायला लागली. बनवणाऱ्याने सांगितलं, एअर रायफल हमीत बसत नाही. खोक्यावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. त्यात ११ मिमीच्या रेलवरून माउंट मागे रांगतं ते वेगळंच. थांबवायला खिळ्याचा स्टॉप हवाच.

तेव्हा ‘काय घेऊ’ विचारणाऱ्याने आधी ‘कशावर लावणार’ ते सांगावं.

टॉर्कपाना

स्टॉपचं म्हणाल तर, पिन रेलच्या भोकात उतरलीय की नुसती वर टेकलीय ते

स्प्रिंगवाला

माहीत आहे, भाऊ. माहीत आहे.

लेझर_लघाटे

महाग म्हणजे निर्धास्त या भ्रमात असलेल्यांसाठी: २०१५ मध्ये नेमाच्या काचा बनवणाऱ्या इओटेकच्या मूळ कंपनीने, एल-३ ने, अमेरिकन सरकारशी अडीच कोटी डॉलरहून जास्त भरून तडजोड केली. तक्रार काय, तर फार थंडीत आणि फार उन्हात नेम सरकतो. लष्कराला विकलेला माल होता तो.

जुनी_माशी

तो होलोग्राफिक. लेझर आणि होलोग्राम. रेड डॉट नव्हे. आधी फरक शिका, मग दाखले द्या.

लेझर_लघाटे

फरक माहीत आहे. ‘महाग ते खरं’ हे वाक्य होलोग्राफिकला लागू नाही का? बरं, एमपॉइंटच घ्या. १९९७ पासून अमेरिकन सैन्यात आहे, मान्य, मजबूत आहे. पण पोरगा पॅराशूटने उतरणार नाहीये. तो शनिवारी पाट्या वाजवणार आहे.

मंद_ठिपका

सेलबद्दल कोणी खरं बोलेल का? ‘५०,००० तास’ लिहितात. म्हणजे अखंड चालू ठेवून साडेपाच वर्षांवर. हे मधल्या कुठल्यातरी पायरीचं गणित असतं. भर उन्हात वरच्या पायरीवर ठेवला की किती, ते मात्र कोणी छापत नाही. गोल खटका असलेल्या जुन्या पद्धतीच्या डॉटमध्ये बंद करायला विसरलं की संपलंच. हलवल्यावर जागा होणारा घ्या. रोमिओ ५ मध्ये ते आहे.

चापावर_बोट

गाडीच्या डिकीत ठेवला तर तो खड्ड्याखड्ड्याला जागा होतो, तेही लिहा. बाकी सहमत. सेल दर वाढदिवसाला बदला आणि विषय सोडून द्या.

जुनी_माशी

‘पॅरॅलॅक्स फ्री’, म्हणजे डोळा हलला तरी ठिपका लक्ष्यावरून हलत नाही, असं लिहिलेलं असतं त्यावरही बोला की मग. एकही डॉट पूर्ण फ्री नसतो. ठिपका काचेच्या कडेला नेऊन जवळच्या लक्ष्यावर बघा, सरकतो.

चापावर_बोट

सरकतो. जवळच्या अंतरावर फार तर अर्ध्या काचेएवढा, २० मिमीच्या काचेला १० मिमी. आणि ठिपका मधोमध ठेवला की तोही नाही. गाल रोज त्याच जागी टेकवायला तुम्हीच शिकवता ना?

जुनी_माशी

शिकवतो, आणि तुमच्यासारख्यांना तिथेच आणतो.

ठीक. .२२, कागद, पाट्या, ओळखीच्या कंपनीचा २ एमओए, टॉर्कपान्याच्या रेघेसकट: घेऊ दे त्याला. अट एकच. लोखंड काढून टाकायचं नाही, डॉटच्या काचेतून दिसेल असं खाली ठेवायचं. सेल गेला की खेळणंवाले माझ्याकडेच येतात.

टॉर्कपाना

ते जुळवायला माउंटची उंची

सिलिंडर_पावणेदोन

काका, लोखंड काचेतून दिसलं तरी मला माशीशेजारी स्वल्पविराम दिसतोच. त्यावर पीप लावू का प्रिझम?

जुनी_माशी

चष्मा पुसा.