मदत हवी आहे: बोंडूच्या चोथ्यापासून गॅस, पण पैसे मागायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे आणि काकांची फेणीची परवान्याची भट्टी. हंगामात बोंडू (काजूचं फळ) तुडवून रस काढला की चोथ्याचे ढीग मागे कुजत पडतात, आणि भाणाखाली (रस उकळायच्या भांड्याखाली) लाकडं जळतात ती जळतातच. म्हणून मी आणि एका मित्राने चोथ्यावर चालणारा छोटा बायोगॅस संच केलाय. नुसता चोथा घातला की साखरेमुळे टाकीत आम्लता वाढते, मिथेन करणारे जिवाणू मान टाकतात आणि शेगडीची ज्योत फडफडून विझते. त्यावर दोन टाक्या केल्या: पहिलीत चोथा आंबतो, दुसरीत शेण आणि थोडा चुना. आता ज्योत टिकते. भाण उकळण्याइतका गॅस हवा तर संच बराच मोठा लागेल.

पैसे मागायला एका कार्यालयात गेलो. पहिलाच प्रश्न, "मॉडेल मंजूर आहे का?" दीनबंधूसारखी बायोगॅसची मान्य मॉडेलं बसवायला अनुदान आहे. छतावर ३ किलोवॅट सोलर लावलं तर पीएम सूर्यघरमधून ७८,००० रुपये मिळतात. जे चालतं हे ठाऊक आहे त्याला पैसे. जे चालवून बघायचंय त्याला फक्त शुभेच्छा!

शोधाशोध करून दोन योजना सापडल्या. निधी-प्रयास: नमुना बनवायला १० लाखांपर्यंत, इनक्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारी संस्था), कंपनी नसली तरी चालतं. दुसरी स्टार्टअप इंडिया सीड फंड: नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत, पण अर्ज करताना कंपनीला २ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत आणि इतर योजनांतून १० लाखांहून जास्त सरकारी पैसा घेतलेला नसावा.

तर कंपनी आत्ताच काढू की थांबू? आणि पैसे जूनमध्ये हातात आले तर उपयोग काय, बोंडू थेट पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. फातोर्ड्याचं फायर किंवा वेर्ण्याचं सिबा, या इनक्युबेटरांचा कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
कंपनीची घाई नको. नोंदणी केली की २ वर्षांचं घड्याळ सुरू, आणि तुमचा माल वर्षातून तीनेक महिनेच. आधी प्रयास घ्या. ते १० लाखांच्या आतच असतं, त्यामुळे त्याने सीड फंडाची वाट अडत नाही. अर्जात हंगामाचं वेळापत्रक ठळक लिहा, हप्ता जानेवारीआधी हवा असं स्पष्ट मागा. तपासणारे शहरातले असतात, त्यांना बोंडू कधी पडतो ते कुठून कळणार? पुढे बायरॅक या बायोटेक्नॉलॉजीच्या सरकारी संस्थेची बिग ही अनुदान योजनाही बघा, ५० लाखांपर्यंत असते, पण तिथे आकडे मागतात. रोज किती किलो चोथा, किती गॅस, पीएच (आम्लतेचं माप) किती, याची वही ठेवलीय का?

धागाकर्ता
धन्यवाद दादा. वही आहे, पण पीएच पट्टीवर बघितलेला आणि गॅस ज्योत किती वेळ जळली त्यावरून. गॅस मीटर घ्यायचाय. छोट्या दाबाला चालेल असा मीटर गोव्यात कुठे मिळतो?