उत्तर: अडतीच्या ॲपसाठी जुनंच बरं

हळदीच्या अडत दुकानाला बिलिंगचं वेब ॲप हवंय, नवं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क (ॲप बांधायचा तयार सांगाडा) घेऊ की जँगो (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क), असं विचारलंत. माझं मत जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. इथंच सांगलीत एका अडत्याला मी हौसेनं अँग्युलरजेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये ॲप करून दिलं होतं. २०२१ अखेर त्याचा सपोर्ट संपला आणि सगळे स्क्रीन परत लिहिले, तेही फुकटात! जँगो २००५ पासून आहे. त्याच्या एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टच्या) आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात.

आणि हो, डेटाबेसमध्ये रक्कम फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका, न्यूमेरिक (नेमका आकडा साठवणारा) घ्या. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ नेमकं ०.३ येत नाही. पट्टीत (मालविक्रीच्या हिशोबाच्या कागदात) दहा पैशांचा फरक दिसला की शेतकरी काउंटरवरून हलत नाही, आणि मालक फोन आपल्यालाच लावतो.