मन्रो ठीक, पण गॅलंट कधी वाचणार?

निवांत:
कॅनडातल्या लेखिकांची कथा म्हटलं की आपली गाडी ॲलिस मन्रोपाशी थांबते. २०१३ मध्ये तिला नोबेल मिळालं तेव्हा तिथलीच दुसरी कथाकार मेव्हिस गॅलंट पॅरिसमध्ये हयात होती. अमेरिकेतल्या 'न्यू यॉर्कर' नियतकालिकाने गॅलंटच्या शंभराहून जास्त कथा छापल्या होत्या. माझ्या मते तीच वरचढ. मॉन्ट्रियलची वार्ताहराची नोकरी सोडून ती १९५० मध्ये युरोपात गेली आणि युद्धाने देशोधडीला लागलेली माणसं तिच्या कथेत आली. मन्रो कॅनडातल्या आपल्या ह्युरॉन परगण्याबाहेर फारशी पडतच नाही.

तिरकस:
साफ असहमत. एकाच परगण्यावर लिहिणं हा दोष कधीपासून झाला? मन्रोची 'द बेअर केम ओव्हर द माउंटन' ही कथा घ्या. विस्मरण झालेली फिओना शुश्रूषागृहात जाते आणि तिथल्या ऑब्रीत गुंतते. नवरा ग्रँट जन्माचा बाहेरख्याली. आता ऑब्री घरी गेल्यावर ती खंगते, म्हणून हा त्याला परत आणायला त्याच्या बायकोचं दार ठोठावतो. हे प्रेम, प्रायश्चित्त, की जुनाच डाव? मन्रो सांगत नाही. गॅलंटकडे हुशारी आहे, माया नाही.

निवांत:
माया नाही? गॅलंटची 'द आइस वॅगन गोइंग डाउन द स्ट्रीट' वाचलीत का? जिनिव्हातल्या ऑफिसात घरंदाज पण पैसा संपलेला पीटर आणि सस्कॅचवानहून कष्टाने शिकून आलेली ॲग्नेस. घरात भावंडांचा गोतावळा, म्हणून लहानपणी ही पहाटे एकटी उठून बर्फाची गाडी बघायची. एवढंच ती त्याला सांगते. दोघांत घडत काहीच नाही, तरी पुढे टोरांटोत पीटरच्या डोक्यातून ती जात नाही.

कुंपणावरची:
मन्रोचं ते 'सांगत नाही' मला हल्ली टोचतं. सावत्र वडिलांनी लहानपणी अत्याचार केले आणि हे कळूनही आई त्यांच्याजवळच राहिली, असं तिच्या मुलीने २०२४ मध्ये जाहीर लिहिलं. त्या माणसाने २००५ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला होता. कथांमधलं मौन आता निव्वळ कौशल्य म्हणून वाचता येत नाही.

तिरकस:
मुलीच्या बाजूने मीही आहे. पण ग्रँटला मन्रोने कुठे सोडलंय? त्याच्या सबबी ती त्याच्याच तोंडून वदवते.

कुंपणावरची:
म्हणजे तिला सबबी ओळखता येत होत्या. त्याचाच तर जास्त राग येतो.

निवांत:
धागा गॅलंटचा होता, मंडळी! तिचा 'होम ट्रूथ्स' (१९८१) हा कथासंग्रह घ्या, त्यातल्या लिनेट म्युर या नायिकेच्या कथांपासून सुरुवात करा. सलग वाचू नका, दमाल.

तिरकस:
घेतो. 'वरचढ' मात्र अमान्य.