अनुभव धागा: नुकताच पाहिलेला सिनेमा, आणि तो नीट दिसला-ऐकू आला का?

पडदेकरी

गेल्या काही दिवसांत काय पाहिलंत, कसं वाटलं, ते लिहायला हा धागा. अट एकच: मत देताना सिनेमा कशावर, कुठल्या सेटिंगवर आणि कुठल्या आवृत्तीत पाहिला तेही लिहा. 'संवाद कळतच नाहीत', 'नुसता काळोख आहे', 'मालिकेसारखा वाटतो' या तीन तक्रारी दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होतात. त्यातल्या कितीतरी टीव्हीच्या खात्यावर जायला हव्यात. गोष्ट फोडणार असाल तर आधी तसं सांगा.

सुरुवात 'तुंबाड'पासून (2018). परत पाहिल्यावरही मत तेच. वाड्याच्या पोटातला अंधार हे त्यातलं मुख्य पात्र आणि पावसाची ती करडी, चिकट ओल कुठल्याही संवादापेक्षा जास्त बोलते. पण दिवसाउजेडी, खिडकी उघडी ठेवून हा सिनेमा पाहणं म्हणजे त्याची माती करणं. कंदिलाच्या उजेडातल्या फ्रेममध्ये सगळा तपशील काळ्याला लागून असलेल्या मोजक्या छटांत असतो. टीव्ही 'व्हिव्हिड'वर असला की त्या छटा डांबरासारख्या एकजीव होतात.

म्हणून पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. इको आणि ऑटो ब्राइटनेस बंद, कारण खोलीतला दिवा मालवला की तोच सेन्सर पडदाही मंद करतो. गॅमा (मधल्या छटा किती गडद ते ठरवणारा आकडा) अंधाऱ्या खोलीत 2.4, थोडा उजेड असेल तर 2.2. आणि बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' नावाची पट्टी उजेड वाढवत नाही, काळा किती काळा ते ठरवते. उजेड हवा असेल तर बॅकलाइट वाढवा. काही कंपन्यांनी नावांची अदलाबदल केली आहे, तिथे 'ब्लॅक लेव्हल' शोधा. ती पट्टी जुळवायला वरखाली काळे पट्टे येणारा सिनेमा लावून पॉझ करा: पट्टे राखाडी दिसेपर्यंत वाढवा, मग काळे होईपर्यंत एकेक घर मागे या. त्याच फ्रेममधल्या काळ्या कोटाच्या घड्या दिसत असतील तर जमलं.

एवढं करूनही अंधारात चौकोनी ठोकळे वळवळताना दिसले तर दोष टीव्हीचा नाही, इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचा आहे. एचडी स्ट्रीमला साधारण 5 एमबीपीएस मिळतात, ब्लू-रे डिस्कवर चित्राला 40 पर्यंत जागा असते. कॉम्प्रेशनची (चित्र आकसून पाठवण्याची) पहिली कात्री अंधारावरच चालते.

पिटातला

'मालिकेसारखा वाटतो' यावर लिहितो, कारण परवा कुणीतरी एका चांगल्या युद्धपटाला 'स्वस्तातला' म्हटलं आणि दोष निघाला टीव्हीचा.

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतो आणि हालचाल तुपासारखी गुळगुळीत करतो. सोनीत याचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. ओळखायचं कसं? पात्राचा हात खिडकीच्या गजांसमोरून जातो तेव्हा बोटांच्या कडांकडे पाहा. बोटांभोवती जेलीसारखं थरथरतं वलय दिसलं आणि गज क्षणभर वाकले तर ते चालू आहे. टीव्हीला हाताच्या मागे काय होतं ते माहीत नसतं, तो अंदाज ठोकतो.

पण सरसकट 'बंद करा' म्हणणारे अर्धंच सांगतात. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणाऱ्या टीव्हीवर 24 फ्रेम सारख्या बसत नाहीत. एक फ्रेम 3 वेळा, पुढची 2 वेळा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र अडखळतं. 120 हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर 5 वेळा येते, तिथे सगळं बंद ठेवा. 60 वर अडखळणं फारच खुपत असेल तर 'कस्टम'मध्ये जाऊन डीब्लर (धूसरपणा घालवणारी पट्टी) 0 आणि डीजडर (अडखळणं घालवणारी) 2-3. त्याच्या वर गेलात की जेली आलीच.

'द हॉबिट'चा पहिला भाग (2012) मुद्दामच 48 फ्रेमने चित्रित केला होता. तिथे टीव्हीला दोष देता येत नाही. माझ्या मते तो प्रयोग फसला: दाढ्या चिकटवलेल्या दिसायला लागल्या.

तिसरी घंटा

@पिटातला, कॅमेरा हलतच नसेल तर तुमच्या डीजडरचं काय करायचं? 'कोर्ट' (2014) पाहा. लांबलचक स्थिर शॉट, माणसं फ्रेममध्ये येतात, काम करतात, निघून जातात. त्याला मारणारी गोष्ट वेगळीच: 1.5 पटीने पाहायची सवय. 60 सेकंदांचा शॉट 40 सेकंदांचा होतो. संवाद कळतात, म्हणून काही बिघडलं असं वाटत नाही, पण बिघडतात त्या थांबण्याच्या जागा. (पुढचं वाक्य शेवटाजवळचं आहे.) कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो, आणि सिनेमा अजून संपलेला नसतो. दीडपटीत तो काळोख नुसता कट वाटतो. 'संथ आहे' म्हणणाऱ्यांनी आधी प्लेअरमधला वेगाचा आकडा बघावा. दुसऱ्या कुणीतरी बदललेला वेग काही अ‍ॅप तसाच धरून ठेवतात.

ओळ क्रमांक दोन

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' (2024). मल्याळम, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा त्यात नांदतात आणि कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं यावर अर्धा सिनेमा उभा आहे. हिंदीशी झटापट करणारा डॉक्टर एकाच भाषेत डब केला की त्याची अडचणच नाहीशी होते. म्हणून डबिंग नको, मूळ आवाज आणि सबटायटल. पण तळातली ओळ भाषा बदलल्याचं सांगत नाही, कान उघडे ठेवावे लागतात. सिनेमा फार आवडला. शेवटचा समुद्राकाठचा भाग काहींना तुटक वाटतो, मला नाही.

आता सबटायटलच्या रोगांविषयी, कारण प्रश्न तेच तेच येतात.

सबटायटल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच मागेपुढे असेल तर नुसता विलंब जुळवा. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जी' दाबलं की ओळ 50 मिलिसेकंद आधी येते, 'एच' दाबलं की तेवढीच उशिरा. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे अंतर वाढत जात असेल तर विलंबाने भागणार नाही, तिथे वेगच वेगळा आहे. युरोपच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 24 फ्रेमचा सिनेमा 25 ने चालवत. त्या प्रतीची फाइल 24 च्या प्रतीला लावली की ओळी दहाव्या मिनिटाला 24 सेकंद आणि तासाला 2 मिनिटं 24 सेकंद आधी येतात. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून फ्रेम रेट 25 वरून 24 करा (तुमची प्रत 23.976 ची असेल तर तो आकडा), एका झटक्यात काम होतं. जाता जाता: त्या पाल प्रतींत आवाजही किंचित चढा असतो. 120 मिनिटांचा सिनेमा सुमारे 115 मिनिटांचा दिसला की समजा.

देवनागरी ओळींचं दुखणं निराळं. तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन 'ए' ओळभर पुन्हापुन्हा आला तर फाइल चांगली आहे, प्लेअर ती चुकीची वाचतोय. एन्कोडिंग 'यूटीएफ-8' निवडा. सगळी प्रश्नचिन्हं असतील तर कुणीतरी ती 'एएनएसआय'मध्ये सेव्ह करून अक्षरं कायमची घालवली आहेत, नवी प्रत घ्या. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. आणि अक्षरं बरोबर पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे लोंबकळतेय, जोडाक्षरं सुटी पडलीत, असं असेल तर त्या टीव्हीला देवनागरीची जोडणीच येत नाही. पेनड्राइव्हवरून लावलेल्या फाइलला हे बरेचदा होतं. टीव्हीचा आतला प्लेअर सोडून दुसरं अ‍ॅप वापरा, नाहीतर ओळी चित्रातच छापून घ्या.

काळी पट्टी

'पथेर पांचाली' (1955), 2015 ची दुरुस्त प्रत. 1993 मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळली होती हे लक्षात ठेवून पाहिलं तर काश गवताच्या तुऱ्यांवरचा उजेड बघून थक्क व्हायला होतं. चित्राचं प्रमाण (रुंदी भागिले उंची) 1.37. टीव्ही 1.78. म्हणजे डावीउजवीकडे काळी जागा राहणारच. 'पडदा भरत नाही' म्हणून झूम केलंत तर उंचीतला 23 टक्के भाग जातो: वरचं आभाळ आणि खालचे पाय. झूमऐवजी ताणलंत तर सिनेमातली दुर्गा जाडी दिसते. गाडीचं चाक, ताट, चंद्र, काहीतरी गोल शोधा. ते गोल नसेल तर सेटिंग चुकलं.

'कागज के फूल' (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा. तिथे उलटं: 2.35 चं चित्र 1.78 मध्ये कोंबलं की रुंदीतला चौथा भाग कापला जातो. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांनी परावर्तित केलेल्या सूर्यप्रकाशाचा तो झोत आणि त्याच्या आजूबाजूचा रिकामा अंधार, दोन्ही मिळून फ्रेम होते. रिकामी जागा कापली की उरतो नुसता झोत.

'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये (2014) तीन काळांसाठी तीन प्रमाणं आहेत: 1.37, 1.85 आणि 2.40 च्या आसपास. पट्टे बदलतात तो बिघाड नाही. टीव्हीचं 'ऑटो झूम' चालू असेल तर तो प्रत्येक बदलाला 'सुधारायला' धावतो आणि विनोदाची वाट लागते. चित्र न कापता, न ताणता दाखवणारं 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल', 'स्क्रीन फिट' यांपैकी तुमच्याकडे जे असेल ते निवडा.

कानसेन

संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की रिमोटकडे धाव. 5.1 मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमध्ये असतात. तुमच्याकडे स्पीकर दोनच आणि सेट-टॉप बॉक्स पाठवतोय 5.1, तर काही जोडण्यांत मधला भाग वाटेतच गळतो. संगीत दणदणीत, माणसं विहिरीतून बोलल्यासारखी. ऑडिओ आउटपुट 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. तरी नाही सुटलं तर 'नाइट मोड': मोठा आवाज दाबतो, लहान वर आणतो. 'सराउंड इफेक्ट' मात्र बंद. 'संत तुकाराम' (1936) सारख्या एकाच मार्गिकेच्या (मोनो) जुन्या बोलपटाला तो लावला की अभंग न्हाणीघरात म्हटल्यासारखा येतो.

ब्लूटूथ हेडफोन 150 ते 250 मिलिसेकंद मागे राहतात आणि ओठ आधी हलतात. टीव्हीत 'एव्ही सिंक' असेल तर भरून काढा, नसेल तर सरळ वायर.

डोअरकीपर

थिएटरसाठी दोनच गोष्टी. पडद्यापासून दोनतृतीयांश अंतरावरची, मधली खुर्ची घ्या. आवाज तिथे धरून जुळवलेला असतो. 2डी सिनेमा मंद दिसला तर मागे वळून प्रोजेक्शनच्या खिडकीकडे पाहा: एकावर एक असे दोन झोत दिसले तर 3डीची लेन्स काढायची राहिली आहे. पहिल्या पाच मिनिटांत जाऊन नेमकं तेच सांगा. 'चित्र बरोबर नाही' म्हटलं की 'बघतो साहेब' एवढंच मिळतं.

रीळवाला

मूकपटातली माणसं पळापळ करतात ती विनोदासाठी नव्हे, तर कमी वेगाने चित्रित केलेली फिल्म जास्त वेगाने चालवली जाते म्हणून. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम. 'राजा हरिश्चंद्र' (1913) सुमारे 3,700 फुटांचा, म्हणजे 59,200 फ्रेम. सेकंदाला 16 ने चालवला तर 61 मिनिटं 40 सेकंद, 24 ने चालवला तर 41 मिनिटं. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग कधीच एकसारखा नसे, त्यामुळे दोन्ही आकडे अंदाजच. पण घाई खटकत असेल तर प्लेअरमध्ये वेग 0.75 करून पाहा, म्हणजे 24 चे 18 होतात. चालणारी माणसं जमिनीवर पाय टेकवायला लागली की तो वेग ठेवा. सोबत चिकटवलेलं संगीत मात्र रडायला लागतं, ते बंद करा.

पडदेकरी

@तिसरी घंटा, वेगाचं खरं आहे, पण आता रीळवाल्यांनीच तो बदलायला सांगितलाय, त्याचं काय करायचं?

तिसरी घंटा

तिथे बिघडलेला वेग जागेवर आणायचाय. 'कोर्ट'चा जागेवरच आहे, त्याला हात लावू नका.