डेस्कटॉप आला की लॅपटॉप गोठतो

सांगलीकर: बाबांच्या दुकानातला लॅपटॉप, विंडोज १०. पासवर्ड टाकला की मिनिटभरात माउससुद्धा हलत नाही. एफ८ दाबून काही होत नाही. जीएसटीचं रिटर्न भरायचंय, फॉरमॅट नकोय.

जुना तंत्रज्ञ: फॉरमॅट अजिबात नको. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ५ दाबा, इंटरनेटसकट सेफ मोड मिळेल, म्हणजे विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टींवर चालेल. तिथे नीट चालला तर दोष बहुधा नंतर टाकलेल्या प्रोग्रामचा किंवा ड्रायव्हरचा (प्रिंटरसारखं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). पण सगळ्यात आधी दुकानाचा हिशेब पेनड्राइव्हवर घ्या!

सांगलीकर: घेतला. सेफ मोडमध्ये मस्त चालतोय. पुढे?

जुना तंत्रज्ञ: विंडोज की आणि आर एकत्र दाबा, रनची चौकट येईल. त्यात msconfig (एमएसकॉन्फिग) टाइप करून एंटर. सर्व्हिसेस (मागे न दिसता चालणारे प्रोग्राम) या टॅबमध्ये ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करा, मगच उरलेल्या बंद करा. हा क्रम चुकवू नका. जनरलमधलं डायग्नॉस्टिक स्टार्टअप मी तरी टाळतो, त्यात नेटवर्कही बंद पडू शकतं. मग साधा रीस्टार्ट. गोठला नाही तर निम्म्या सर्व्हिसेस चालू करून बघा. पुन्हा गोठला तर दोषी त्या निम्म्यातच.

मीनाताई: टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअपही बघ रे. आमच्याकडे तिथेच सापडलं होतं.

सांगलीकर: सापडलं! जुन्या प्रिंटरची सर्व्हिस होती, काढून टाकली. दादा, ताई, खूप आभार.

जुना तंत्रज्ञ: आता जनरलमध्ये नॉर्मल स्टार्टअप निवडा, नाहीतर अँटिव्हायरस बंदच राहील.