अनुभव धागा: सहनिवासातील पाळीचा स्वयंपाक

प्रत्येकाचे स्वतंत्र घर, त्या घरात स्वतःचे स्वयंपाकघर, आणि शिवाय सगळ्यांच्या मालकीचे एक मोठे स्वयंपाकघर व जेवणघर, अशी सहनिवासाची रचना डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन या वसाहतीपासून रुजली. अमेरिकेत तशी वसाहत १९९१ साली डेव्हिस गावात, म्यूर कॉमन्स या नावाने, उभी राहिली. अशा ठिकाणी राहिलेल्या, किंवा आपल्याकडे तसा प्रयत्न करून पाहिलेल्या सभासदांनी पाळ्या, शिधा, हिशोब आणि कुरबुरी यांविषयी लिहावे. कल्पना चांगली की वाईट यावरची मते नकोत. ओट्यापाशी काय घडते ते हवे आहे.

कोपनहेगनजवळून

आमच्याकडे कडक नियम एकच आहे: जेवायला यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, पण स्वयंपाकाची पाळी कोणालाही चुकत नाही. महिन्यातून एकदा दोन मोठी माणसे, हाताशी एखादे शाळकरी मूल घेऊन, चाळीसेक जणांचे रांधतात आणि बाकीच्या संध्याकाळी आयत्या ताटावर बसतात. नावे दोन दिवस आधी फलकावर लिहावी लागतात, पैसे ताटामागे आकारले जातात आणि मुलांचे अर्धे धरतात.

माझ्या पाळीला मी बहुधा मसुराची आमटी आणि भात करते. एवढ्या माणसांना तीन किलो तांदूळ पुरतात, पण तो सगळा भात एकाच पातेल्यात लावला तर तळाशी करपतो आणि वर कच्चा राहतो. म्हणून तो उथळ ट्रेमध्ये उकळते पाणी घालून, वर फॉइल घट्ट दाबून, ओव्हनमध्ये शिजवायचा, हे मला शेजारच्या आजोबांनी शिकवले. आमटीच्या बाबतीत घरच्या प्रमाणाला सरळ दहाने गुणले तर ती पाणचट होते, कारण मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटते. तिखटाचा प्रश्न ठेच्याची वाटी बाजूला ठेवून सुटला. आता त्या वाटीपाशी रांग लागते, हे मी थोड्या फुशारकीने लिहीत आहे. अंगवळणी पडायला खरा वेळ लागला तो संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जेवायला बसण्याचा. पुण्याहून आलेल्या सासूबाई पहिल्या दिवशी ते चहाच्या वेळचे खाणे समजून बेतानेच जेवल्या, आणि नऊ वाजता त्यांनी पाने कधी घ्यायची म्हणून विचारले.

लँकेस्टर, इंग्लंड

इथल्या सहनिवासात सामायिक जेवण शाकाहारी असते आणि मी मूळचा मालवणचा. बांगडा घरच्या ओट्यावर खिडकी उघडी ठेवून तळावा आणि पंगतीला काळ्या वाटाण्याचे सांबार करावे, एवढी तडजोड मला जमली. वाटाणे मात्र गावाहून आणावे लागतात.

कॅलिफोर्निया, आता तिथे राहत नाही

वसाहतीचे नाव लिहीत नाही. मी रुग्णालयात रात्रपाळी करत असे, त्यामुळे सामायिक जेवणाला क्वचितच असे, पण पाळी चुकत नव्हती. पाळीऐवजी पैसे भरण्याची मुभा मी मागितली, तेव्हा ज्याच्या खिशात पैसे आहेत तो सुट्टी विकत घेईल आणि ज्याच्या नाहीत तो भांडी घासत बसेल, असे उत्तर सभेत मिळाले. ते मला आजही पटते. न पटलेली गोष्ट निराळी: शेजाऱ्याशी पाळीची अदलाबदल करायलाही त्यांनी नकार दिला. ‘मर्जीवर’ आणि ‘सक्तीचे’ यांची वर लिहिलेली विभागणी सुटसुटीत दिसते, पण कामाच्या वेळा सगळ्यांच्या सारख्या असतील तिथेच ती न्यायाची ठरते.

स्टॉकहोमहून

या शहरात १९३५ साली बांधलेल्या एका सामूहिक इमारतीत तळमजल्यावरच्या उपाहारगृहातून जेवण छोट्या लिफ्टने थेट घराघरांत पोहोचत असे. स्वयंपाक पगारी माणसे करीत. पुढच्या काळातील सामूहिक घरांनी रहिवाशांनीच रांधायचे ठरवले. १९९३ साली सुरू झालेले फेर्डक्नेपन हे घर, मुले मोठी होऊन बाहेर पडलेल्या लोकांसाठी, त्याच पद्धतीने चालते. मला ही दुसरी रीत अधिक टिकाऊ वाटते, कारण स्वतः चाळीस जणांचे कांदे चिरलेला माणूस दुसऱ्याच्या आमटीला नावे ठेवताना जरा थांबतो.

कोथरूड, पुणे

आमच्या सोसायटीतील काही घरांनी दर शनिवारी रात्री एकत्र जेवायचे ठरवले, तेव्हा अडचण कांदा-लसणाची येईल असे सगळ्यांना वाटत होते. ती चातुर्मासात एक पातेले वेगळे ठेवून मिटली. अडले ते पोळ्यांवर. भात आणि आमटी माणसे वाढली तरी एका पातेल्यातून दुसऱ्या मोठ्या पातेल्यात जातात. पोळी मात्र एकेकच लाटावी आणि भाजावी लागते, आणि ते काम पाळीवरच्या पुरुषांकडून हळूहळू सरकत पुन्हा बायकांकडे आले. मग पोळ्यांसाठी बाई लावाव्यात असे निघाले; तसे केले असते तर थोड्याच दिवसांत सगळाच स्वयंपाक त्यांच्यावर पडला असता, म्हणून आम्ही काहीजणींनी विरोध केला. सध्या पोळ्या ज्याने त्याने घरून डब्यात आणायच्या आणि बाकीचे पाळीवाल्यांनी करायचे, असे चालू आहे.

कोपनहेगनजवळून, पुन्हा

पुण्याच्या ताई, डब्याऐवजी मसालेभात आणि मठ्ठा असा बेत करून पाहावा. बरोबर कोशिंबीर असली की पोळीची आठवण होत नाही. मठ्ठ्याला चाळीस जणांत सहा लिटर ताक पुरते.